गोदामाच्या भिंतीवरचं मीठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. अम्मी होती तेव्हा तिला नाही, बायकोला नाही, जहाजावर नऊ-नऊ महिने शेजारच्या बंकवर झोपणाऱ्या माणसांनाही नाही. सांगायचं एवढंच आहे, की मी एक शब्द खोटा आणला होता. आणला म्हणणंही खोटंच. परतीच्या विमानात बसून मी तो बनवला होता.

एका शब्दाचं काय एवढं, असं वाटेल. मीही स्वतःला बरीच वर्षं असंच सांगत आलो. पण तो शब्द ज्यांना दिला ते नाना कोण होते, हे कळल्याशिवाय त्यात काय एवढं ते कळणार नाही. म्हणून आधी नाना.

नाना मिठागरावर कारकून होते. रेवसच्या धक्क्याकडे जाणारा आमचा जुना रस्ता खाडीच्या कडेनं जातो. डाव्या हाताला मिठाचे वाफे, बांधावर पांढऱ्या राशी आणि सगळ्याच्या शेवटी पत्र्याच्या छपराचं एक लांबलचक दगडी गोदाम. त्याच्या दारात लाकडी बाक, आणि बाकावर नाना. आगरी माणूस, सातवी शिकलेला. पांढरा सदरा, खाली कमरेचं फडकं, आणि आयुष्यभर मिठावरचं ऊन बघून बघून बारीक झालेले डोळे. ते सतत मिचकवायचे, त्यामुळे नवख्या माणसाला वाटायचं की नाना आपली थट्टा करतायत. थट्टा ते क्वचितच करायचे.

भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच पकडायची तर आमच्याकडच्या प्रत्येकाला त्यांच्यासमोरून जावं लागायचं. जहाजावर जाणारे तर सगळेच. आमच्या मोहल्ल्यात घरटी एक तरी माणूस आखातात नाहीतर दर्यावर. बॅग डोक्यावर घेऊन चाललेल्या माणसाला नाना हाक मारायचे. "कुटं चाललास" नाही, "बरा हायस का" नाही. थेट विचारायचे, "बाला, कंचं बंदर?"

बंदर सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं. "मग तिकडं मिठाला काय बोलतात, ता इचारून ये."

याची सुरुवात कशी झाली ते त्यांनी मला तीन-चारदा तरी सांगितलं असेल. मीठ तयार करायचं काम सूर्य करतो, कारकून नुसता वाट बघतो. त्या वाट बघण्यात त्यांना कचेरीच्या कपाटात एक इंग्रजी डिक्शनरी सापडली. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं वाळवीनं खाल्लेली. नानांना अक्षरं लागायची, अर्थ लागायचा नाही. म्हणून त्यांनी ठरवलं, जो माल आपल्याला ठाऊक आहे तोच शोधायचा. 'सॉल्ट' सापडला. अर्थ संपल्यावर चौकोनी कंसात मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी शब्द होते: जर्मनीत असा, लॅटिनमध्ये असा, जुन्या ग्रीकमध्ये असा.

"मला वाटायचं मीठ आपलंच," नाना म्हणायचे. "तर हितं सगल्या मुलखाची पोरं एका पंगतीला बसलेली. साल, सेल, साले, सोल. नाकं बघ, सगल्यांची सारखी."

पण डिक्शनरीतले शब्द त्यांनी कधी भिंतीवर चढवले नाहीत. भिंत म्हणजे गोदामाची रस्त्याकडची बाजू. चुन्यानं पांढरी केलेली, आणि तिच्यावर काळ्या ऑइलपेंटनं लिहिलेले शब्द. नानांचा कायदा होता: शब्द माणसाच्या तोंडून ऐकलेला पाहिजे, तोही खात्या ताटावर. पुस्तकातला चालायचा नाही. पुढे मोबाइल आले, तेव्हा तोही चालायचा नाही. अलिबागचा एक मरीन इंजिनियर एकदा गाडी थांबवून म्हणाला, "नाना, एका मिनिटात तुम्हाला पन्नास भाषा काढून देतो." नाना म्हणाले, "दे. पन जेवला कोन त्यातला?" इंजिनियर हसला, गाडीत बसला आणि गेला.

शब्द घेऊन आलेल्या माणसाला ते बाकावर बसवायचे आणि तपासणी सुरू व्हायची. कोण बोललं? बाप्या का बाई? वय काय? पानात काय होतं? एकदा बोलला का दोनदा? मग स्वतः तो शब्द आठ-दहा वेळा तोंडात घोळवायचे. सदऱ्याच्या खिशात कागदाची पुडी असायची, तिच्यातला खडा जिभेवर ठेवून पुन्हा म्हणायचे. पटला की शिडी लावायची आणि भिंतीवर ओळ चढायची: शब्द, बंदर, सांगणारा, पानातला पदार्थ, आणि शेवटी आणणाऱ्याचं नाव. 'झाउट, रॉटरडॅम, क्रेनवाला, अंडं.' 'सुओला, फिनलंडचं बंदर, एजंटची बाई, मासा.' 'साले, जिनोआ, पायलट, टमाट्याचा रस्सा.' वर सगळ्यात पहिली ओळ होती ती बंदराची नव्हतीच, इथल्याच कोर्लईची. तिथल्या एका ख्रिस्ती बाईनं घरात बोलतात तो शब्द सांगितला होता: 'साल.' नाना म्हणायचे, "पोर्तुगीज गेलं, पन मीठ ठेवून गेलं."

एक शब्द एकदाच. आधी आणेल त्याचं नाव. दुसऱ्यानं तोच आणला तर त्याला चहा मिळायचा, नाव नाही.

ग्रीसचा शब्द आला तेव्हा मी तिथेच होतो. श्रीवर्धनकडचा एक बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, 'अलाती' म्हणून सांगत होता आणि बाकीची मंडळी खिदळत होती. म्हणे, नाना, पंगतीतलं हे पोर कुणाचं, नाक दिसत नाही. नाना उठून आत गेले, डिक्शनरी घेऊन आले आणि कंसावर बोट ठेवलं. जुन्या ग्रीकमध्ये 'हाल्स'. "आपला सुरतेचा शेठ मीठ भराला येतो, तो खऱ्याला 'साचु' बोलतो का 'हाचु'? 'हाचु' ना? तसाच हा. आधी 'स' व्हता, मग 'ह' झाला, मग हवा झाला." आणि मग, जणू घरातली गोष्ट सांगावी तसं हळू म्हणाले, "आनी ह्याच शब्दाला ते लोक दर्या पन म्हनायचे. मीठ नि दर्या एकच."  बोसनची ओळ भिंतीवर चढली.

मी मेसमन होतो. दिवसभर सॅलड कापायचं, सॉसच्या बाटल्या भरायच्या, सलामीचे काप करायचे. नाना मला म्हणायचे, "सॅलड, सॉस, सलामी, सगलं एकाच घरचं. सगल्यांत मीठ. तू मिठाचीच चाकरी करतस, तुला म्हायती न्हाय." साहेबाची 'सॅलरी'सुद्धा मिठातूनच आली, असं डिक्शनरीत होतं. "आनी मी जलमभर मीठ मोजलं, तर माजा 'पगार' हा शब्द पोर्तुगीजाचा," हे ते इतक्या गंभीरपणे म्हणायचे की हसावं की नाही कळायचं नाही.

जेवायला बसले की ताटात मीठ वेगळं वाढून घ्यायचे. भाजीत घालू द्यायचे नाहीत. नानी कुरकुरायच्या, "तुमच्यापायी सगल्या घराला अलनी खावा लागतंय." दर घासाला चिमूट, आणि दर चिमटीला एक भाषा. ज्या दिवशी सगळ्या भाषा होईपर्यंत भात पुरायचा, त्या दिवशी नाना खूष असायचे.

आता त्यांच्या प्रश्नाबद्दल. शब्द गोळा करणं हे त्यांच्या लेखी काम होतं. प्रश्न निराळा होता. पेणच्या एका संस्कृत शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं की आपला 'मीठ' हा शब्द मुळात 'मिष्ट'वरून आला. मिष्ट म्हणजे गोड, चवदार. तेव्हापासून त्यांचं डोकं तिथे अडकलं. "आपून येडे का शाने?" ते विचारायचे. "जगातली सगल्यात खारट वस्तू, नि तिला नाव गोडाचं. असं आपूनच करतो, का आनी कोन करतं? तिकडं गोड नि खारट एका घरचं हाय का कुटं?" जाणाऱ्या प्रत्येकाला ते हेही विचारून यायला सांगायचे. कुणी विचारत नसे. बंदरातल्या माणसाला मिठाचा शब्द विचारणं एक वेळ जमतं. गोड आणि खारट एका घरचं आहे का, हे कुठल्या इंग्रजीत विचारायचं?

भिंतीचं दुसरंही एक काम होतं, ते नानांनी तिला कधी दिलं नव्हतं. ते आमच्या लोकांनी दिलं. जहाजावर जातो म्हणून सांगणारे पुष्कळ. त्यातला कोण खरोखर युरोपात जातो आणि कोण दुबईच्या गोदीत रंग खरवडतो, हे गावाला कळणार कसं? भिंत बघून. धक्क्याकडे जाताना बायका पोरांना बोट दाखवून वाचून दाखवायच्या, हा तुझा मामू, हा तुझा चाचा. ज्याचं नाव भिंतीवर, तो युरोपला जाऊन आलेला.

माझे तीन करार झाले होते आणि भिंतीवर माझं नाव नव्हतं. पहिले दोन आखात आणि सिंगापूर. तिसऱ्यात युरोप लागला, पण रॉटरडॅम, अँटवर्प, हॅम्बर्ग, सगळे शब्द कधीच भरलेले. त्याच सुमारास माझं लग्न ठरत होतं. मुलीचा मामू लाँचनं मुंबईला निघालेला, वाटेत भिंतीपाशी थांबला आणि खालपासून वरपर्यंत वाचून गेला. दुसऱ्या दिवशी निरोप आला: मुलगा युरोपला जातो म्हणता, मग भिंतीवर कसा नाही? अम्मीनं मला काही विचारलं नाही. ती फक्त म्हणाली, "पुढच्या वेळी बघ बाबा एखादा."

पुढच्या वेळी जहाज लिथुआनियाच्या क्लाइपेडा बंदराला लागलं. खत भरायचं होतं. ही भाषा भिंतीवर नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. निघतानाच नानांनी सांगितलं होतं, "तो मुलूख कोरा हाय, बाला."

लोकांना वाटतं, जहाजावरचा माणूस जग बघतो. आम्ही जगाचे धक्के बघतो, तेही स्वयंपाकघराच्या गोल खिडकीतून. त्या बंदरात जहाज अकरा तास होतं. उतरायची परवानगी नव्हती. पण उतरायची गरजच नव्हती. गँगवेच्या, म्हणजे जहाजाच्या शिडीच्या, तोंडाशी गोदीचा एक माणूस खुर्ची टाकून बसला होता, डबा उघडून खात होता. माझ्यापासून वीस पावलं. मी त्याला खिडकीतून बघितला. तीन जेवणं वाढून, भांडी घासून माझे पाय भरून आले होते. म्हटलं, जरा पडतो, मग विचारतो. जाग आली तेव्हा जहाज हललेलं होतं.

एवढंच झालं. ना वादळ, ना कुणाची जबरदस्ती. मी झोपलो.

विमानात मी शब्द बनवला. भिंतीवरचे सगळे तोंडपाठ होतेच. साल, सोल, साल्ट. त्यांच्यासारखं नाक असलेला एक घडवला: 'सोल्का'. नानांसमोर बाकावर बसलो. कोण बोललं? गोदीवाला म्हातारा. पानात काय? उकडलेला बटाटा. एकदा बोलला का दोनदा? तीनदा, नाना, हसत हसत. नानांनी खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "सोल्का. वा. 'का' नवीन हाय ह्यात." त्यांनी स्वतः शिडी लावली. पोरं दोन दिवस 'सोलकढी, सोलकढी' करत हसली. महिन्याभरात माझं लग्न पक्कं झालं.

तो शब्द बनवताना मला ठाऊक नव्हतं असं एक होतं. म्हणजे दिसत होतं, पण लक्षात आलं नव्हतं. खाडीवरच्या भिंतीला दर पावसाळ्यात खार फुटतो. चुना पोपडे धरून गळतो, अक्षरं गळतात. दर दिवाळीआधी नाना भिंत खरवडून चुना लावायचे आणि सगळे शब्द पुन्हा लिहायचे, पहिल्यापासून, मोठ्यानं म्हणत. म्हणजे माझं खोटं एकदा लिहून संपलेलं नव्हतं. ते दर वर्षी नव्यानं लिहिलं जायचं, नानांच्या हातानं.

दोन वर्षांनी दाऊदभाई आले.

दाऊदभाई माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. जहाजावर फिटर. मोहल्ल्यात आमच्या घरापासून चौथं घर. बोलताना अडखळायचे, एक वाक्य पुरं करायला दोनदा सुरू करावं लागायचं. इतकी वर्षं दर्यावर होते, पण त्यांचंही नाव भिंतीवर नव्हतं, कारण ते कधी कुणाला काही विचारत नसत. त्या खेपेला ते क्लाइपेडालाच उतरवले गेले होते. अपेंडिक्स. चौदा दिवस इस्पितळात. तिथलं जेवण अळणी, म्हणून रोज दोन वेळा नर्सकडे मीठ मागायचे. ते घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी नानांकडे गेले. त्यांनी शब्द आणला होता 'द्रुस्का', आणि सोबत कागदाच्या पुडीत तिथलं चिमूटभर मीठ.

नानांनी मला बोलावणं पाठवलं. एका मुलखाचे दोन शब्द झाले की दोघांनी समोरासमोर बसायचं, असा कायदा होता. तो कायदा तोवर एकदाही वापरावा लागला नव्हता, कारण आमची माणसं हजार गोष्टींत खोटं बोलतील, पण भिंतीशी कुणी खोटं बोललं नव्हतं. दुपारची वेळ, लाँचला अवकाश होता, दहा-पंधरा माणसं जमलेली. बघ्यांत माझा सासराही होता.

मी बोलका माणूस नाही. जहाजावर मला पुढे मुका कुक म्हणायचे. त्या दुपारी मात्र मी बोललो.

नानांनी विचारलं, "दाऊद, कोन बोल्लं?"

"न-नर्स. बाई. रोज बोलायची. मी मागायचो, ती... ती आणून द्यायची."

"पानात काय?"

"सूप. बिटाचं."

"आनी तुजा, बाला?"

"गोदीवाला. उकडलेला बटाटा," मी म्हणालो. माझा आवाज स्वच्छ आला. मलाच आश्चर्य वाटलं.

नाना दोन्ही शब्द आळीपाळीनं म्हणून बघत होते. 'द्रुस्का' त्यांच्या तोंडात बसत नव्हता. "सगल्या भिंतीत 'स' हाय, न्हायतर 'स'ची वाट तरी हाय. ह्यो 'द' कुटून आला?" ते स्वतःशीच म्हणाले. मला दिसलं, ते डगमगताहेत. दाऊदभाई माणूस कसा आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. अजून दोन मिनिटं ते तसेच बसले असते तर त्यांनी कदाचित दोन्ही लिहिले असते.

तेव्हा मी म्हणालो, "दाऊदभाई, तुम्हाला ताप होता ना? औषधाचं नाव असेल ते."

माणसं हसली. माझा सासरा सगळ्यात मोठ्यानं हसला. कुणीतरी म्हणालं, "दिवसातून दोनदा, जेवणानंतर, द्रुस्का!" आणि पुन्हा हशा.

दाऊदभाई उभे राहिले.  बोलले ते नानांशी, माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. "नाना, चौदा दिवस... चौदा दिवस मागून खाल्लंय मी ते." पुडी बाकावर ठेवली आणि गेले.

नानांनी भिंतीला हात लावला नाही. सोल्का राहिला.

दाऊदभाईंचं नाव त्या दिवसापासून द्रुस्का पडलं. आधी धक्क्यावर, मग बाजारात, मग मशिदीबाहेर चपला घालता घालता. तुम्हाला वाटेल, चेष्टेचं नाव, दोन महिन्यांत विसरतात. आमच्याकडे विसरत नाहीत. त्यांच्या मुलीची सोयरीक जमत होती तेव्हा त्या लोकांनीही विचारलं, कुणाची, द्रुस्काची का? थापा मारणारा माणूस असा त्याचा अर्थ झाला होता. त्यांनी रेवसची वाट सोडली. लाँच दीड तासात मुंबईला नेते, ते पेणवरून एसटीनं चार तास खात जायचे. भिंतीसमोरून जावं लागू नये म्हणून. हे मला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढची सात-आठ वर्षं मी मनाला समजावत राहिलो, की कोण जाणे, औषधाचंच नाव असेल. शोधायचं म्हटलं असतं तर तोवर फोनवर एका मिनिटात सापडलं असतं. मी शोधलं नाही. खरं काय ते मला कळायला नकोच होतं.

मग एका जहाजावर लिथुआनियाचा सेकंड इंजिनियर आला. मी तेव्हा चीफ कुक झालो होतो. पहिल्याच जेवणाला त्यानं सूपचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि मिठाच्या बरणीकडे बोट दाखवून हसत म्हणाला, "द्रुस्का!" मी बरणी त्याच्याकडे सरकवली.  पुढे दोन आठवड्यांनी ईद आली. मी शीरखुर्मा केला, त्यालाही वाटीभर दिला. त्यानं एक चमचा तोंडात घातला, भुवया वर केल्या आणि म्हणाला, "साल्दु."

मी विचारलं, म्हणजे काय?

गोड, तो म्हणाला. आमच्या भाषेत गोड.

मी गॅलीत, जहाजाच्या स्वयंपाकघरात, येऊन सिंकला टेकून उभा राहिलो. नानांची सगळी पंगत, ते एकसारखं नाक, त्या मुलखात मिठाला नव्हतंच. ते गोडाला होतं. नंतर मी फोनवर बघितलं, आयुष्यात पहिल्यांदा. तिथेही तेच होतं, की त्यांचा गोडाचा शब्द जुन्या मिठाच्या शब्दातूनच निघालेला आहे. आधी चवदार, मग गोड. आपण गोडाकडून मिठाकडे आलो, ती माणसं मिठाकडून गोडाकडे गेली. नाना तीस वर्षं ज्याची वाट बघत होते ते त्याच मुलखात होतं, जिथे मी झोपलो होतो. आणि दाऊदभाईंना हाकलून लावलं नसतं, तर नानांनी पुढे कुणाला तरी विचारलंच असतं, मग तिथे 'स' गेला कुठे? ते विचारल्याशिवाय राहिले नसते. माझ्या सोल्कामुळे ती जागा भरलेली दिसत होती, म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही.

सांगायचं ठरवूनच मी त्या वेळी घरी आलो.

दिवाळीआधीचे दिवस होते. मिठागर बंद पडलं होतं, वाफ्यांत नुसतं पाणी. नाना बाकावर होते, पण डोळे गेले होते. जन्मभराच्या चकाकीनं गेले, डॉक्टर म्हणाले. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. "बरा आलास," म्हणाले. "चुना लावून घेतलाय. लिवाला कोन न्हाय. तू लिव, मी सांगतो."

मी शिडीवर चढलो. ते खालून एकेक ओळ सांगत होते, काहीही न चुकता. कोर्लई, साल, बाई, भात. रॉटरडॅम, झाउट, क्रेनवाला, अंडं. प्रत्येक नाव, प्रत्येक पदार्थ. माझा हात काळा होत होता. मग ते म्हणाले, "क्लाइपेडा. सोल्का. गोदीवाला म्हातारा. उकडलेला बटाटा. आनी तुजं नाव."

मी 'द्रुस्का' लिहू शकलो असतो. त्यांना दिसणार नव्हतं. दाऊदभाईंचं नाव लिहून खाली उतरलो असतो तरी त्यांना कळलं नसतं. आणि नुसतं तोंड उघडलं असतं तरी चाललं असतं.

मी 'सोल्का' लिहिलं. माझ्या हातानं, माझं नाव पुढे घालून.

खाली उतरलो तेव्हा त्यांनी विचारलं, "बाला, इतकं फिरलास. तिकडं गोडाला नि मिठाला एका घरचं माननारं कोन भेटलं का रं?"

मी म्हणालो, "नाही, नाना."

"न्हाय ना," ते म्हणाले. "मग आपूनच येडे." आणि हसले. त्यांना असं हसताना मी फार थोड्या वेळा बघितलं होतं.

पुढच्या पावसात ते गेले. मी तेव्हा जहाजावर होतो, फोनवर त्यांच्या नातवाचा मेसेज आला.

आता मीही दर्या सोडला. गुडघे राहिले नाहीत. गोदाम अजून उभं आहे, चुना लावायला कुणी नाही. दाऊदभाई पंचाहत्तरीला आले असतील. तळा गावात मुलीकडे असतात, बाहेर फारसे पडत नाहीत असं ऐकतो. तळा काही लांब नाही. माणगावची एसटी धरली की दुपारपर्यंत पोचता येतं. दोनदा मी स्टँडपर्यंत जाऊन परत आलो.

नानांचं देणं फिटायचं नाही. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं आणि मी ते दिलं नाही. ते माझ्यासोबतच जाणार. दाऊदभाईंचं देणं मात्र अजून देता येण्यासारखं आहे. तुम्ही खरं बोलला होतात आणि मी खोटा होतो, एवढं मला त्यांना सांगायचं आहे, आणि ते घरात दार लावून नाही. जी माणसं त्या दुपारी हसली, त्यातली जेवढी हयात आहेत तेवढ्यांना बोलावून, त्यांच्यासमोर. ते मी अजून केलेलं नाही.